गुण आला, हे कुणी ठरवायचं?

१८१५ साली ब्रिटिश संसदेच्या एका समितीसमोर डॉक्टर थॉमस मन्रो यांची साक्ष झाली. लंडनच्या बेथलेम या वेड्यांच्या इस्पितळाचे ते मुख्य वैद्य. उपचार काय करता, असं विचारल्यावर त्यांनी आढेवेढे न घेता सांगून टाकलं. मे महिना संपत आला की हवा बघून रुग्णांचं रक्त काढायचं. त्यानंतर काही आठवडे, आठवड्यातून एकदा, ओकारीचं औषध. ते झालं की जुलाब. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय, वडिलांकडून माझ्याकडे आलंय आणि याहून बरी रीत मला माहीत नाही. त्यांचे वडील जॉन याच जागेवर होते आणि आजोबा जेम्स १७२८ पासून याच जागेवर होते. साक्षीनंतर बराच बोभाटा झाला आणि १८१६ मध्ये थॉमसना पायउतार व्हावं लागलं. त्यांच्या जागी नेमणूक झाली ती त्यांच्या चिरंजीवांची.

त्याच चौकशीत बेड्यांचाही विषय निघाला. बेथलेममध्ये जेम्स नॉरिस नावाचा एक अमेरिकन खलाशी सुमारे दहा वर्षं गळ्यात लोखंडी कडं आणि अंगाभोवती लोखंडी पट्ट्या अशा अवस्थेत खांबाला जखडलेला सापडला होता. मन्रोंचं स्वतःचं खाजगी वेडगृह होतं आणि तिथे बेड्या वापरत नसत. का, असं विचारल्यावर मन्रो म्हणाले, बेड्या फक्त गरीब रुग्णांना ठीक. एखाद्या सभ्य गृहस्थाला घातल्या तर त्याला ते आवडणार नाही.

वेडाच्या उपचारांच्या इतिहासावर जाडजूड ग्रंथ झाले आहेत, पण या एका उत्तरात जेवढं कळतं तेवढं क्वचितच कुठे कळतं. पैसेवाल्या रुग्णाला काय आवडतं याला उपचारात किंमत होती आणि गरिबाच्या आवडीनिवडीचा प्रश्नच येत नव्हता. औषधशास्त्र दोघांना एकच होतं.

जुन्या काळच्या या उपचारांबद्दल आपल्याकडे दोन सुरांत बोललं जातं. एक सूर असा, की पूर्वी सगळा अंधार होता, लोक अडाणी आणि क्रूर होते, मग विज्ञान आलं आणि साखळ्या गळून पडल्या. दुसरा सूर व्हॉट्सअ‍ॅपवर जास्त ऐकू येतो: युरोपात वेड्यांना जिवंत जाळत होते तेव्हा आपले ऋषी मनावर तुपाने आणि गोड बोलण्याने उपचार करत होते. दोन्ही सूर ऐकायला बरे वाटतात, पण कागदपत्रं उघडली की दोन्ही टिकत नाहीत. जुने वैद्य बहुतांशी क्रूर नव्हते आणि मूर्ख तर नव्हतेच. त्यांच्याकडे दोन गोष्टी नव्हत्या. रोग्याला खरोखर गुण आला की नाही हे उपचार करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी मोजणं, ही पहिली. रोग्याच्या 'नको' या शब्दाला काही वजन असणं, ही दुसरी. माझं म्हणणं असं, की या दोन गोष्टी आजही आपण नीट कमावलेल्या नाहीत आणि त्या नसतील तर नव्यातलं नवं औषधसुद्धा मन्रोंच्या जुलाबाच्या पंक्तीला जाऊन बसतं.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. चरकसंहितेत उन्मादावर दोन अध्याय आहेत, एक निदानस्थानात आणि एक चिकित्सास्थानात. निदानस्थानातला एक श्लोक आजही वाचताना थबकायला होतं. ज्याने स्वतःच स्वतःला क्लेश दिलेले नाहीत अशा माणसाला देव, गंधर्व, पिशाच, राक्षस किंवा आणखी कुणी येऊन क्लेश देत नाहीत, असं तो सांगतो. आपल्या कर्मातून, प्रज्ञापराधातून (कळत असून स्वतःच्या बुद्धीने केलेल्या चुकीतून) आलेल्या रोगासाठी शहाण्याने देवांना, पितरांना, राक्षसांना बोल लावू नये, असंही पुढे येतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात हे असणं साधी गोष्ट नव्हे. (रोग्यालाच दोषी धरण्याची सोय याच प्रज्ञापराधात आहे, हेही खरं.) चिकित्सास्थानात मग उपचार येतात. स्नेहन (तूप-तेल देणं), स्वेदन (घाम आणणं), वमन (ओकारी), विरेचन (जुलाब), बस्ती (एनिमा). कल्याणक घृत आणि जुनं तूप. मित्रांनी धर्माच्या आणि अर्थाच्या गोष्टी सांगून धीर द्यावा. आवडती वस्तू हरवल्याने मन बिघडलं असेल तर तशीच दुसरी मिळवून देऊन सांत्वन करावं.

व्याख्यानांतून सांगतात ते इथपर्यंत. पण अध्याय इथे संपत नाही. जो आवरत नाही त्याला मजबूत पण टोचणार नाहीत अशा पट्ट्यांनी बांधून, लोखंड आणि लाकूड काढून घेतलेल्या अंधाऱ्या खोलीत कोंडावं. मोहरीचं तेल चोपडून, बांधून, उन्हात उताणं टाकावं. खाजकुयली लावावी, किंवा तापलेलं लोखंड, तेल, पाणी यांचा स्पर्श करावा. चाबकाने मारून, करकचून बांधून एकांत घरात ठेवावं. दात काढलेला साप, शिकवून माणसाळवलेले सिंह आणि हत्ती, हातात शस्त्रं घेतलेले चोर किंवा शत्रू यांच्याकडून त्याला भेडसवावं. राजाच्या शिपायांनी बांधून बाहेर न्यावं आणि राजाज्ञेने मारण्याची धमकी द्यावी. यामागचा तर्कही संहितेने दिला आहे: देहाच्या दुःखापेक्षा प्राणाची भीती मोठी, तिने चहूकडे उधळलेलं मन शांत होतं.

हे सांगण्यात चरकाची बदनामी करण्याचा हेतू नाही. उलट तपशील बघा. पट्टे टोचू नयेत, खोलीत जखम करणारी वस्तू नसावी, सापाचे दात काढलेले असावेत. रोग्याला इजा होऊ नये याची काळजी वैद्याने पुरेपूर घेतलेली आहे. त्याला रोगी बरा करायचा आहे आणि त्यासाठी एक विचारपूर्वक बांधलेली उपपत्ती त्याच्यापाशी आहे.

आता युरोपात जाऊ. अठराव्या शतकात लायडनचे हर्मान बोअरहावे हे युरोपातल्या वैद्यांचे गुरू मानले जात. वेड्याला अचानक पाण्यात ढकलून सहन होईल तोवर पाण्याखाली धरावं, असा सल्ला त्यांनी लिहून ठेवला. १८०३ मध्ये जर्मनीत योहान ख्रिस्टियान राइल यांनी मानसोपचारावर मोठा ग्रंथ लिहिला. 'सायकिअ‍ॅट्री' हा शब्द १८०८ मध्ये घडवला तो यांनीच. धक्का, भीती आणि आश्चर्य यांनी भरकटलेलं मन ताळ्यावर आणायचे त्यांनी सुचवलेले प्रकार वाचताना हसावं की रडावं कळत नाही. त्यांतला एक म्हणजे मांजरांची पेटी: सूर लावून ओळीने बसवलेली मांजरं आणि पट्टी दाबली की शेपटीवर आघात. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये जोसेफ मेसन कॉक्स यांनी गरगर फिरणाऱ्या खुर्चीची भलामण केली. रोग्याला भोवळ येते, ओकारी होते, कपडे खराब होतात आणि मग तो गप्प झोपतो.

चरकाचा ग्रंथ राइलने वाचला असण्याची सुतराम शक्यता नाही. मग शेकडो वर्षांच्या आणि हजारो कोसांच्या अंतरावर दोघे एकाच उपायाला कसे पोहोचले? मला वाटतं, उत्तर अगदी साधं आहे. भेडसावलेला माणूस गप्प होतो. रात्रभर ओरडणारा, अंगावर धावून जाणारा माणूस सिंहासमोर उभा केला किंवा नदीत बुडवला की काही काळ तरी मुकाट बसतो. आणि गुण आला की नाही हे ठरवणारे कोण? ज्यांना त्याच्या ओरडण्याचा त्रास होत होता ते. घरचे, शेजारी, इस्पितळाचे नोकर आणि स्वतः वैद्य. घराला शांतता हवी होती, ती मिळाली, म्हणून औषध लागू पडलं. रोग्याच्या मनात काय चाललं होतं याची नोंद ठेवायला कुणी बसलंच नव्हतं.

यात आणखी एक गोम आहे आणि ती जास्त फसवी आहे. मनाचे कितीतरी आजार लाटेसारखे येतात आणि काही महिन्यांनी आपोआप ओसरतात. ओसरण्याच्या वेळी जो वैद्य खाटेजवळ उभा असेल त्याच्या पदरात श्रेय पडतं. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज १७८८ च्या हिवाळ्यात भ्रमिष्ट झाला. दरबारी वैद्यांनी हात टेकल्यावर फ्रान्सिस विलिस नावाचे पाद्री-वैद्य आले. राजाला अंगाला आवळणारी बंडी घालणं, खुर्चीला बांधणं, अंगावर फोड आणणारे लेप लावणं, दरडावणं हा त्यांचा खाक्या. आजार सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत आणलेल्या दहांपैकी नऊ रोगी मी बरे करतो, असं त्यांनी संसदेच्या समितीला सांगितलं होतं. १७८९ च्या वसंतात राजा सावरला. विलिसना वर्षाला हजार पौंडांचं वेतन बांधून मिळालं आणि कीर्ती इतकी पसरली की १७९२ मध्ये पोर्तुगालची राणी मारिया हिला बरं करायला त्यांना लिस्बनला बोलावून नेलं. राणी बरी झाली नाही. तोच वैद्य, तीच पद्धत. राजा जॉर्जलाही पुढे झटके आलेच आणि अखेरची जवळजवळ दहा वर्षं तो त्याच अवस्थेत होता. पण हातगुणाची ख्याती एकदा झाली की ती असल्या किरकोळ गोष्टींनी डागाळत नाही.

दुसरीकडे अमेरिकेत बेंजामिन रश. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, गुलामगिरीविरुद्ध लिहिणारा. फिलाडेल्फियाच्या इस्पितळात वेड्यांच्या खोल्यांना हिवाळ्यात ऊब मिळावी आणि त्यांना हाताला काम मिळावं म्हणून भांडणारा हा माणूस. वेडाचं मूळ मेंदूच्या रक्तवाहिन्यांत आहे, अशी त्याची पक्की खात्री. मग उपाय उघडच होता. १८१२ च्या आपल्या पुस्तकात त्याने एका खेपेला वीस ते चाळीस औंस रक्त काढण्याची शिफारस केली. म्हणजे अर्धा ते सव्वा लिटर. आज रक्तदान शिबिरात धडधाकट माणसाकडून साधारण साडेतीनशे मिलिलिटर घेतात. हातपाय बांधायची आणि डोकं लाकडी पेटीत अडकवायची एक खुर्चीही त्याने बनवून घेतली. रक्त गेल्याने अंगातली ताकदच संपली की माणूस शांत होणारच. रशला ती सुधारणा दिसली.

एरवी सज्जन असलेल्या माणसाने हे केलं, हे मला रशमध्ये सगळ्यांत अस्वस्थ करणारं वाटतं. दयाळूपणा पुरेसा असता तर रशचे रोगी वाचले असते.

वेड्यांच्या साखळ्या तोडल्या म्हणून गाजलेल्या फिलिप पिनेल या फ्रेंच डॉक्टरची गोष्ट शाळेपासून ऐकलेली असते, म्हणून ती इथे लांबवत नाही. एवढंच सांगायला हवं, की पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात १७९७ मध्ये प्रत्यक्ष साखळ्या काढल्या त्या ज्याँ-बाप्तिस्त प्युसँ या व्यवस्थापकाने. तो डॉक्टर नव्हता. कातडी कमावणारा कारागीर होता आणि त्याच इस्पितळात गंडमाळेवर उपचार घेऊन पुढे तिथेच नोकरीला लागला होता. पिनेलचं मोठेपण असं, की त्याने या माणसाकडून शिकून घेतलं आणि पुढे सालपेत्रिएर इस्पितळात किती दाखल झाले, किती बरे झाले, किती पुन्हा आले याचे तक्ते मांडले. इंग्लंडमध्ये विल्यम ट्यूक या क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या चहाच्या व्यापाऱ्याने १७९६ मध्ये यॉर्कला 'रिट्रीट' उघडलं. तिथले पहिले वैद्य थॉमस फाउलर. त्यांनी रक्त काढणं, जुलाब, फोडाचे लेप हे सगळं करून पाहिलं, नीट लक्ष ठेवलं आणि यातल्या बहुतेकांचा काही उपयोग नाही, असं स्वच्छ सांगितलं. उदासीनतेच्या रोग्यांना कोमट पाण्याच्या स्नानाने बरं वाटतं, इतकंच त्यांच्या हाती लागलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले खरे नायक हे फाउलर. आपल्याच शास्त्राचा हिशेब त्यांनी घातला, तो तोट्याचा निघाला आणि त्यांनी तो लपवला नाही. त्यांचा पुतळा उभारायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही.

इथे कुणी म्हणेल, या सगळ्या दोनशे वर्षांपूर्वीच्या कथा. विसाव्या शतकाचं काय? विसाव्या शतकाचं हे, की आत्मविश्वास तोच राहिला आणि हत्यारं सुधारली. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ट्रेंटन इस्पितळाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी आल्या आल्या रोग्यांना बांधून ठेवायचे पट्टे आणि बंड्या बंद करून टाकल्या. म्हणजे हे साखळ्या तोडणाऱ्यांच्या गोटातले. त्यांची उपपत्ती अशी, की शरीरात कुठेतरी दडलेल्या जंतुसंसर्गाचं विष मेंदूपर्यंत जातं. म्हणून त्यांनी रोग्यांचे दात उपटले, टॉन्सिल काढले आणि तरीही फरक पडला नाही तर मोठं आतडं कापलं. स्वतःच्या मुलांचेही दात त्यांनी काढायला लावले, इतका त्यांचा विश्वास प्रामाणिक होता. पंच्याऐंशी टक्के रोगी बरे होतात, असा त्यांचा दावा होता. १९२० च्या दशकात फिलिस ग्रीनएकर या तरुण डॉक्टरबाईंनी रोग्यांच्या घरी जाऊन, कागद तपासून खरी मोजदाद केली. दावा साफ कोसळला. पण ज्या वरिष्ठांनी हे काम त्यांना दिलं होतं त्यांनीच तो अहवाल दाबून ठेवला आणि शस्त्रक्रिया चालू राहिल्या. कॉटन १९३३ मध्ये वारले ते मान राखूनच.

लिस्बनमध्ये एगाश मोनिश यांनी नोव्हेंबर १९३५ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडण्याची शस्त्रक्रिया सुरू केली आणि काही महिन्यांतच वीस रोग्यांचा निकाल छापला: सात बरे, सात सुधारले, सहा तसेच. इतक्या घाईत 'बरे' म्हणजे काय, हे विचारायला कुणी थांबलं नाही. सुरुवातीचे रोगी ज्यांच्या इस्पितळातून येत होते त्या सोब्राल सिद यांनी रोगी घरी परतल्यावर कसे झालेत ते पाहिलं आणि आणखी रोगी द्यायचं नाकारलं. मोनिशना १९४९ चं नोबेल मिळालं. तोवर अमेरिकेत वॉल्टर फ्रीमन डोळ्याच्या खोबणीतून टोचा घालून हीच शस्त्रक्रिया काही मिनिटांत उरकत होते. पुढे अध्यक्ष झालेल्या केनेडींच्या बहिणीवर, रोझमेरीवर, १९४१ मध्ये फ्रीमन आणि त्यांच्या जोडीदाराने शस्त्रक्रिया केली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. ती उरलेलं आयुष्य संस्थेत राहिली. देशातल्या बलाढ्य घराण्यातल्या मुलीच्या बाबतीतही निर्णय वडिलांचा होता, तिचा नव्हता.

कुठला उपचार अघोरी दिसतो यावरून मात्र तो वाईट ठरवू नये. त्याचं सगळ्यांत चांगलं उदाहरण दोन समकालीन उपचारांत आहे. १९३० च्या दशकात इन्सुलिन देऊन रोग्याला रोज बेशुद्ध करायची पद्धत आली. स्वतंत्र वॉर्ड, निवडक परिचारिका, शुद्धीवर आल्यावर साखरेचं पाणी, दिवसभर मायेने लक्ष. सगळं कसं शास्त्रीय आणि प्रेमळ. त्याच दशकात, १९३८ मध्ये, रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी यांनी विजेचा शॉक देऊन आकडी आणायचा प्रयोग केला. कत्तलखान्यात डुकरांना वीज लावतात हे पाहून चेर्लेत्तींना धीर आला होता. सुरुवातीला भूल न देता शॉक देत आणि आकडीत हाडं मोडत. कुणालाही विचारा, यांतला कुठला टिकावा असं वाटतं? १९५७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी काही रोग्यांना इन्सुलिनने आणि काहींना साध्या झोपेच्या औषधाने बेशुद्ध केलं, बाकी सगळी बडदास्त सारखीच ठेवली, आणि निकालात काही फरक निघाला नाही. गुण इन्सुलिनचा नव्हताच, झाला असेल तर तो वॉर्डातल्या मायेचा. इन्सुलिन हळूहळू बंद झालं. शॉक मात्र मोजमापाला उतरला. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध देऊन तो आजही तीव्र नैराश्यात दिला जातो आणि त्याने माणसं वाचतात. आपल्या सिनेमांनी शॉकला खलनायक करून ठेवलंय, त्यापायी कित्येक घरी तो गरज असून नाकारला जातो. मोजलं नसतं तर आपण नेमका उलटा निर्णय घेतला असता.

आपल्याकडच्या सर्पगंधेचीही हीच कथा आहे. उत्तर भारतात तिला वेडाची मुळी म्हणून ओळखत आणि वैद्य ती देत. १९३१ मध्ये कलकत्त्याला गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्याबद्दल लिहिलं, की उन्मादात आणि वाढलेल्या रक्तदाबात ती उपयोगी पडते. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरचे आपले अनुभव आकड्यांसह ब्रिटिश हृदयरोग नियतकालिकात छापले आणि जगाचं लक्ष गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं, १९५४ मध्ये न्यूयॉर्कला नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं, १९५५ मध्ये लंडनमध्ये चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे गट पाडले आणि खऱ्या-खोट्या गोळ्यांची तुलना केली. पुढे तिच्याहून सोयीची औषधं आली आणि ती मागे पडली. पण 'आमच्याकडे आधीपासून होतं' यातलं खरं काय आणि पोकळ काय, हे या चोवीस वर्षांत दिसतं. मुळी आमचीच होती. ती कुणाला द्यावी, किती द्यावी आणि कुणाला देऊ नये, हे कळलं ते सेन, बोस आणि वकील यांच्यासारख्यांनी वही उघडली तेव्हापासून.

आता आजच्या महाराष्ट्राकडे येतो. डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली पहिली नोंद भूत उतरवण्याच्या बहाण्याने केलेल्या प्रकारांची आहे: दोराने किंवा साखळीने बांधणं, काठीने-चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चटके देणं. ती यादी आणि वर दिलेला चिकित्सास्थानातला भाग शेजारी ठेवून वाचा. बांधणं, चाबूक, तापलेलं लोखंड दोन्हीकडे आहे. देवऋषी जे करतो त्यातलं बरंच काही एकेकाळी प्रतिष्ठित वैद्यकच होतं; शास्त्राने ते टाकलं आणि ते गावाच्या वेशीवर जाऊन राहिलं. म्हणून 'मांत्रिक वाईट, डॉक्टर चांगला' ही वाटणी मला अपुरी वाटते. करणारा कोण यापेक्षा, केलं त्याचा हिशेब कुठे लिहिला जातो आणि ज्याच्यावर केलं त्याला नाही म्हणता येत होतं का, हे दोन प्रश्न दोघांनाही सारखेच विचारायला हवेत. 'लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल' हा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय मानसोपचारही याच चाळणीतून काढायला हवा. त्याचे दुष्परिणाम तर तिसऱ्याच माणसाला भोगावे लागतात.

लोक देवऋषाकडे का जातात याचं उत्तर अंधश्रद्धा एवढंच देऊन भागत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार वेगवेगळ्या मानसिक आजारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के रोग्यांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस बसणारा डॉक्टर आणि गावातच रोज भेटणारा भगत यांच्यात माणूस कुणाला गाठणार? भगत निदान जवळ बसवून सगळं ऐकून घेतो. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडी दर्ग्याजवळच्या खाजगी आश्रयगृहाला आग लागली आणि अठ्ठावीस मनोरुग्ण जळून गेले, कारण ते साखळीने बांधलेले होते. त्यांना तिथे सोडणाऱ्या घरच्यांना त्यांचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. दुसरी जागा नव्हती.

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा वाचताना मला तो या सगळ्या इतिहासाची उलटतपासणी वाटतो. भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाविना शॉक देण्यास मनाई. उपचार म्हणून नसबंदी करण्यास मनाई. कुठल्याही स्वरूपात साखळी घालण्यास मनाई. मेंदूवरची शस्त्रक्रिया रोग्याची संमती आणि रोग्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी असल्याशिवाय नाही. सक्तीने मुंडण नाही. घरचे न्यायला येत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला संस्थेत ठेवून घेता येणार नाही. आणि माझ्यावर कुठले उपचार करावेत, कुठले करू नयेत, हे आजारी पडण्याआधीच लिहून ठेवायचा हक्क. मन्रोंच्या 'सभ्य गृहस्थाला आवडणार नाही' या सवलतीतली 'सभ्य गृहस्थ' ही अट काढून टाकली, की हा कायदा तयार होतो.

यावर मानसोपचारतज्ज्ञांचा आणि घरच्यांचा आक्षेप आहे आणि तो हलका नाही. ज्याला आपण आजारी आहोत हेच कळत नाही, त्याच्या नकाराला किती धरायचं? रात्री दोनला मुलगा विळा घेऊन आईच्या अंगावर धावतो तेव्हा संमतीचा कागद कुठून आणायचा? ज्या घराने हे सोसलंय त्याला हक्कांची भाषा चेष्टा वाटते आणि मी त्यांना दोष देणार नाही. पण कायद्यात तातडीच्या उपचारांची तरतूद आहे, नामनिर्देशित प्रतिनिधीची (रोग्याच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्या माणसाची) आहे आणि निर्णयक्षमता नसेल तेव्हा काय करायचं याचीही आहे. सक्ती करावी लागेल तेव्हा करा, पण तिची नोंद ठेवा आणि ती दुसऱ्या कुणाला तरी दाखवा, एवढंच तो सांगतो. अडचण खरी आहे ती कायद्यातल्या यंत्रणेची. पुनर्विलोकन मंडळं कागदावर असून चालत नाही. ती नेमली गेली पाहिजेत, त्यांची बैठक व्हायला हवी आणि त्यांना वॉर्डात जाऊन रोग्याशी एकट्याने बोलता आलं पाहिजे.

रोग्याला बांधून ठेवावं लागलं तर त्याची पद्धत, कारण आणि किती वेळ बांधलं हे लगेच लिहून ठेवायचं आणि अशा सगळ्या घटना दर महिन्याला मंडळाला कळवायच्या, असं याच कायद्याचं कलम ९७ सांगतं. ही माहिती रोग्यांची नावं झाकून जनतेसमोर ठेवायला काय हरकत आहे? या महिन्यात किती जणांना बांधलं, किती तास बांधलं, किती घरी गेले, त्यांतले किती वर्षभरात परत आले, किती जण बरे होऊनही केवळ कुणी न्यायला न आल्याने अडकून पडलेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपासून सुरुवात करता येईल. त्यानंतर हीच सक्ती गल्लोगल्ली उघडलेल्या खाजगी व्यसनमुक्ती केंद्रांवर करायला हवी, कारण तिथे आत काय चालतं ते आज बाहेरच्या कुणालाच सांगता येत नाही.